बाजारापुरतं कानडी

वडगावात बावीस वर्षं
मला बाजारापुरतं कानडी पुरलं.
मेथीची पेंडी केवढ्याला, सुटे नाहीत,
बसा, पाणी घ्या, उद्या या.
इस्पितळातून फोन आला तेव्हा कमी पडलं.

पहाटेचे चार. पलीकडची मुलगी दमलेली.
मोनाप्पा, वय एक्कावन्न,
आणि मग कसलासा शब्द, तीरकोंडरु.
मला त्यातला फक्त तीर ऐकू आला.
वाटलं, कुठल्या तरी काठाला लागले हे,
बरं झालं.
हां, म्हणाले मी. हां, हां.
आणि चहाचं आधण ठेवलं.

तिनं परत सांगितलं,
हळू, हिंदीत, मास्कच्या आतून.
आधण आटून गेलं.

स्मशानात चौघं होते, चौघंही पगारी.
त्यातल्या एकानं चौदा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला,
न मागता. देव त्याचं भलं करो.
पांढऱ्या प्लास्टिकवर ऊन पडलंय.
मी अजून त्यात ह्यांची उंची शोधते.

भागूआक्का, ह्यांची बहीण, शिनोळीत दिलेली.
पंधरा किलोमीटर,
म्हणजे एरवी डब्यातलं कालवण गरम राहतं एवढं.
त्या दिवसांत बाचीच्या पुढं रस्त्यावर मातीचा ढीग होता,
जेसीबीनं ओतलेला, लाल.
अलीकडं एक सरकार, पलीकडं दुसरं.
बाराव्याला ती पलीकडं उभी राहिली, मी अलीकडं.
"किती वाळलीस गे!" ती ओरडली.
रडायचं तेही ओरडून.
पोलीस जरा वेळ झाडांकडं बघत राहिला.
आंबोळ्यांचा डबा ढिगाच्या माथ्यावर ठेवून
ती सहा पावलं मागं सरली,
मग मी चढले. चपलेत माती गेली.
ती माती मी घरी येऊन झटकली नाही,
का ते विचारू नका.

निंगव्वाची आणि आमची भिंत एक.
अठरा वर्षं तिनं ह्याच भिंतीवर लाटणं आपटलं.
माग बंद करा. डोकं फुटतंय. माणसं राहतात इथं.
एकदा तर ह्यांच्या आईचाही उद्धार केला,
तो मात्र स्वच्छ मराठीत.
आता रोज रात्री नऊला तेच लाटणं,
दोनदा, हलकं.
"ऊट आतेन?"
जेवलीस काय, एवढंच.
मी वाटी वाजवून उत्तर देते.
काही रात्री खोटं देते.
तिला वाटीच्या आवाजावरून कळतं की काय,
थोड्या वेळानं काठीला अडकवलेली पिशवी
माझ्या खिडकीशी डुलते.
भाकरी, शेंगाचटणी. चटणी जाळ.
डोळ्यांत पाणी आलं तर
चटणीवर ढकलता येतं.

दाखला आला. सगळा कानडीत.
खिडकीतून तिच्याकडं दिला.
ती दुसरी शिकलेली, बोट फिरवत वाचत गेली,
नावापाशी अडखळली, थांबली.
"वर मोठ्या अक्षरांत काय आहे?"
"मरण."
"कानडीत काय म्हणतात ते सांग की."
"तेच गे," ती म्हणाली. "मरण."
मग कागद पदरानं पुसून परत दिला.
पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

काल रात्री लाटणं वाजलं ते साडेअकराला.
मी वाटी शोधायला उठले.
"माग का लावत नाहीस?" भिंत म्हणाली.
"झोप लागंना मला."

मागावर साडी आहे, अर्धी.
जांभळी, काठ हिरवा.
ताप चढला तिथं थांबलेली.
कांडी ह्यांच्या हातची भरलेली.
बटण मी कधी दाबलेलं नव्हतं.
दाबलं.
खोली हलली, फळीवरचे डबे बोलायला लागले.
तीन धागे तुटले. मला सांधता येत नाहीत,
तसेच जाऊ दिले.
ही साडी कुणी घेणार नाही.

लाटणं वाजलं नाही.
म्हणजे झोपली असणार.
आता बंद करावा तर जागी होईल,
म्हणून मी तशीच उभी,
बटणाशी,
कांडी संपेपर्यंत.