गोवावेसचा बगळा

उद्यमबागेच्या भंगारातून
इराप्पानं निवडले पिस्टन, दाते झिजलेले गिअर.
मलप्रभानं वडगावच्या बंद मागावरचा
धोटा आणला घरनं,
म्हणाली, चोच हीच की रे.

तीन रात्री वेल्डिंग.
सकाळी चौकात
एका पायावर उभा.

साहेब आले. नाव कुठल्या भाषेत?
वर कुठली, खाली कुठली?
इराप्पा अंगठ्यावरचा फोड चाचपत राहिला.
पाटी कोरीच बसवली.

आता रिक्षावाला म्हणतो, कोक्करेजवळ सोडतो.
कोथिंबीरवाली म्हणते, बगळ्यापाशी बसते मी.
चिमणीला काही विचारायचं नव्हतं,
गिअरच्या फटीत काड्या कोंबून मोकळी.

यंदा पंख गंजले.
मलप्रभा बसच्या खिडकीतून बघते:
चोच तेवढी तुकतुकीत,
बापाच्या तळव्याचं तेल
अजून मुरलेलं.