दोन कानांचा नट

लोखंडी हातोडा ठेवून द्या बाई, हेडाऊ म्हणाले,
यावर तांब्याचाच चालते.
कामठी रोडच्या त्या शेडमध्ये कूलर
वारा कमी आणि आवाज जास्त टाकत होता.
मे महिना. हत्यारांवर ओलं पोतं,
नाहीतर पाना हातात धरवत नाही.

चार चाकं भिंतीला टेकलेली, प्रत्येकात साठ तारा.
हेडाऊ मूळ पाचपावलीचे, घरी माग होता.
वडील ताण्यावरून नख फिरवायचे
आणि सैल सूत कुठलं ते ऐकून सांगायचे.
यांनी चाक अधांतरी धरलं, नख लावलं:
टिंग. टिंग. टिंग. ठप्प.
"हे बोलत नाही." खडूची खूण.
तीन मुक्या निघाल्या. त्या आवळल्या, पुन्हा ऐकल्या.
मग धावेच्या आतून रबरी पट्टी,
तारांची टोकं ट्यूबला डसू नयेत म्हणून.

हबचे दाते रॉकेलने धुतले
आणि तिथेच उकिडवे बसून राहिले.
आट्यांवरून अंगठा एकदा इकडे, एकदा तिकडे.
"बाई, हे कोनं बसवलं?"

नीळकंठांनी. चौऱ्याऐंशी साली,
गाडीखाली उताणे झोपून, छातीवर पुस्तक उघडं.

"मंग बरोबर. उताण्याले डावं-उजवं उलटंच दिसते.
याचा हब त्याले, त्याचा याले.
गाडी पुढं जाईन तसा नट सैल होईन,
चाकच त्याले खोलून राहिलं.
इतकी वर्षं हिच्यात बसून कुठं जात होत्या तुमी?"

रामटेकला. दर कार्तिकात.
कामठीला थांबायचे, कन्हानला थांबायचे, मनसरला थांबायचे,
डिकीतून हातोडा काढून चारी चाकं ठोकायचे.
पोरं जमायची. मी आत बसून घामाघूम,
म्हणायचे, झालं का तुमचं प्रदर्शन?
ते हसायचे. कधी काही बोलले नाहीत.
बोलण्याजोगं त्यांना ठाऊक होतं का,
हे आता कुणाला विचारू?

दोन दिवस लागले हब अदलाबदल करायला.
दात्यांना ग्रीस, उतारावर ग्रीस, आट्यांना ग्रीस.
चाक जमिनीपासून बोटभर वर,
आणि हातोडा त्यांनी माझ्या हातात दिला.
"वरचा कान गाडीच्या मागच्या अंगाले. दोन्हीकडं तसंच.
खोलाचं असन तं पुढं. एवढं ध्यानात ठेवा,
बाकी नट सांगते."
माझा पहिला घाव कानाला लागलाच नाही.
चौथा लागला, आणि आवाज बदलला,
खण्‌ऐवजी जड, भरलेला.
"आता पुरे," हेडाऊ म्हणाले. "पंधरा किलोमीटरवर एकदा पाहून घ्या."

कन्हानच्या पुलाअलीकडे उतरले.
पदर खोचला. चारी नटांना एकेक टोला.
सुईच्या टोकाइतकासुद्धा एकही सरकला नाही.
दोन पोरं बघत उभी होती.

मनसरला उतरायचं काही कारण नव्हतं.
उतरले.