उलटा हेडफोन

हरभऱ्याएवढे दोन माइक, एकेका कानात एक.
पहाटे सव्वापाच, कळमना मार्केट.
मान सरळ ठेवायची, हा पहिला नियम.
मी जरा वळले की अख्खा बाजार
माझ्याभोवती फिरतो
आणि नंतर ऐकणाऱ्याला भोवळ येते.

उजवीकडे टेम्पोचा फाळका पडला, खण्ण.
मग संत्री ओतल्याचा तो आवाज,
ज्याला मला अजून शब्द सापडलेला नाही.
धबधब नाही, गडगड नाही,
जाड सालींनी एकमेकींना थोपटणं.
समोर ढिगाशेजारी तितरमारे दलाल:
"बोला ना भाऊ, संत्रा आहे, आलू नाही!"
डावीकडे, जरा मागे, कुणी खोकलं.
मधेच मी गिळलेला आवंढा.
तोही आला. राहू दिला.

दुपारी बाबांना दिलं ऐकायला.
अजनी शेडमध्ये बत्तीस वर्षं,
त्यातल्या एका हॉर्नच्या चाचणीत
डावा कान तिथंच राहिला.
मीच बावळट. दोन कानांचा बाजार
एका कानाच्या माणसापुढे मांडला.

ते ऐकत राहिले. फाळका. संत्री. तितरमारे.
"बरं आहे," म्हणाले, "पण अर्धंच आलं ना हे."
मी काही बोलायच्या आत
हेडफोन काढला, उलटा करून चढवला,
ताट फिरवल्यासारखा.
"आता इकडलं वाढ. पहिल्यापासून."

डोळे मिटून बसले.
रात्रपाळीची नोंद दिवसपाळीच्या वहीला जुळवावी
तसे आधीच्या अर्ध्याला हे अर्धं लावत.
मधेच कपाळाला आठी.
"हा कोण बोलून राहिला?
सारखा तुझ्या कानाशी.
इकडून ये, इकडून ये, तिकडं चिखल आहे."

मी लगेच सांगितलं नाही.
शाळेपासून ते माझ्या डाव्या हातालाच चालतात,
चांगला कान माझ्याकडे यावा म्हणून.
पहिल्या खेपेला ते स्वतःच
त्या हरवलेल्या बाजूला होते.

खोकला आला, आणि ओळखला त्यांनी.
"असा बोलतो मी?"
थोडा वेळ नुसता बाजार.
मग हेडफोन न काढताच, जरा मोठ्यानं,
"अन् तू काहीच म्हणाली नाही?"

नाही.
रेकॉर्डिंगमध्ये माझा एक आवंढा आहे,
चपलांचा चिखल आहे,
आणि सरळ ठेवलेली मान.