पाच आकडे

घोडेगावच्या समाजमंदिरात तिसरा दिवस.
सतरंजीवर अठरा बायका
आणि एक रबरी बाहुली, डावा हात निखळलेला.

मी म्हणाले, लंगोट बदलताना बाळाशी बोलत राहा.
ठकूबाई लोहकरे पदरात हसली :
"दोन महिन्यांचं ते. काय बोलणार उलटून?"

"शेळीशी बोलता ना?"
"तर! तिला सांगावं लागतं.
हल, सर, कुठं गेलती इतका वेळ."

सगळ्याजणी हसल्या. मी फळ्यावर लिहिलं :
विचारा. मग थांबा. मनात पाच आकडे मोजा.
आता पाळी बाळाची.

ठकूबाईनं बाहुली मांडीवर घेतली,
आधी तिचा हात खांद्यात दाबून बसवला,
मग स्वतःच्या डोळ्यातलं काजळ
बोटानं तिच्या गालाला लावलं.
माझ्या पुस्तिकेत हे नव्हतं.

"काय गं, भूक लागली?"
आणि थांबली.
एक. दोन.
बाहेर आहुप्याची एसटी मागं घेत होते,
"येऊ द्या, येऊ द्या".
तीन.
कुणीतरी खोकलं.
पाच झाले, सात झाले,
ती बाहुलीच्या तोंडाकडं बघतच होती.

मग मान वर न करता म्हणाली,
"लग्नात मलापण विचारलेलं, बाई,
पसंत हाय का म्हणून.
आकडे नाही मोजले कुणी."

पुढचा तक्ता होता हात धुण्याचा.
मी चहाची सुट्टी दिली.

एका हातानं तिनं बशी धरली.
बाहुली काही खाली ठेवली नाही.