मुद्दा क्रमांक सात

सभागृह सहापर्यंत ऊबदार व्हावं म्हणून
हीटर दुपारीच लावते मी,
तरी गिझेला कोत्सुरनं कोट काढला नाही.
मी कोपऱ्यातल्या टेबलाशी, नेहमीसारखी.
वही, दोन पेनं, घंटा.
प्रत्येकाला तीन मिनिटं. ती संपली हे सांगणं
माझं काम.

कंपनीच्या माणसानं भिंतीवर नकाशा टाकला.
बंद खाणीच्या आवारात हिरवा चौकोन,
भोवती तुटक रेघेचं वर्तुळ.
जुन्या बॅटऱ्या येतील, फुटतील, वितळतील,
शिसं वेगळं, प्लास्टिक वेगळं, आम्ल वेगळं,
सगळं बंद शेडमध्ये.
वर्तुळ लिपोवा रस्त्याच्या कुंपणापाशी थांबलं होतं,
शिकवलेलं कुत्रं थांबतं तसं.

मग हुबेर्ट. एकवीस वर्षं खाणीत,
आता शाळेच्या फाटकावर.
"एकशे चाळीस नोकऱ्या," तो म्हणाला. "मोजा ना.
माझा पोरगा डॉर्टमुंडला सहाजणांच्या खोलीत झोपतो.
त्याच्या छातीची काळजी तिथं कोण करतंय?"
कुणी टाळी वाजवली नाही. कुणी कुजबुजलंही नाही.
त्याचं अर्धं मिनिट उरलं होतं.
ते त्यानं नुसतं उभं राहून संपवलं.

अलॉइझी, कबुतरंवाला, कागदाशिवाय आला.
तो जुन्या भट्टीबद्दल बोलू लागला.
कबुतरं शंभर मैलांवरून बरोबर घरी यायची,
पण अंडी अशी, की बोट टेकलं तर आत जायचं.
"आणि डॉक्टरीणबाई पोरांचं रक्त न्यायच्या.
आकडा कधी सांगितला नाही.
दूध पाजा म्हणाल्या."
अध्यक्ष म्हणाले, विषयाला धरून बोला.
"धरूनच आहे," तो म्हणाला,
"पन्नास वर्षं."
मी घंटा वाजवायला विसरले. किंवा,
आता लिहितेच आहे तर,
विसरले नाही.

गिझेलानं पिशवीतून बरणी काढली.
काकडीच्या लोणच्याची, लेबल खरवडलेली,
तळाशी तीन बोटं राखाडी.
"माझ्या खिडकीची. एका हिवाळ्याची."
बरणी हातोहात फिरली.
एका सदस्यानं ती उलटी केली, परत सुलटी केली,
आणि मग कुठं ठेवावी ते त्याला कळेना.
कंपनीचा माणूस नम्र होता, खरंच नम्र:
"बाई, ही जुनी धूळ. आमची नव्हे."
"हो," गिझेला म्हणाली.
"तुमची अजून यायचीय."

ठराव असा, की तज्ज्ञांचा अहवाल येईपर्यंत
निर्णय पुढे ढकलावा.
माझ्या तक्त्यात रकाने तीनच:
बाजूने, विरुद्ध, तटस्थ.
पंधरापैकी आठ जणांनी हात वर केले.
दोन्ही अर्थांनी, पण त्याला रकाना नाही.
पाच विरुद्ध. दोघं तटस्थ,
त्यातला एक अजून तळवा
पँटला पुसत होता.

खुर्च्या रचल्या. दिवे मालवले.
बरणी माझ्या टेबलावर राहिली.
नियमाप्रमाणे सभेत सादर झालेल्या वस्तूला क्रमांक लागतो.
लिहिलं: परिशिष्ट चार, काच, झाकणासह.
कपाटात खालच्या फळीवर भट्टीची फाईल आहे,
मी जन्मायच्या आधीपासून धूळ खात.
तिला सरकवून जागा केली.

बाहेर घसरडं झालं होतं.
बर्फावरून गिझेलाला हुबेर्ट हात धरून नेत होता.
बोलत नव्हते दोघं. पण पायाखाली बघून
एकेक पाऊल बरोबर टाकत होते.

हे इतिवृत्तात येत नाही.
आणि हेही नाही, की माझं घर
त्या तुटक रेघेच्या बाहेर आहे,
अकरा मीटर.
परवा रात्री, कुणी बघत नसताना,
टेप घेऊन गेले होते मी.