माध्यम

कडोलकर सरांनी विहिरीचा नाडा आणला होता,
काथ्याचा, ओला, मनगटाएवढा.
त्याच्या शेवटाला गाठ मारून जोडली
आमच्याच घरून मागवलेली
मागावरची बारीक सुती दोरी.
नाड्याचं टोक माझ्या हातात.
दोरीचं टोक व्हरांड्याच्या पार तिकडं,
जिथं कन्नड शाळेचे वर्ग सुरू होतात,
ईरव्वाच्या हातात.
नाड्याच्या मध्यावर कुणाच्या तरी वेणीची लाल रिबीन.

"हिसडा दे की," सर म्हणाले.
दिला.
एक कुबड उठलं, पळत पुढं गेलं,
रिबीन वर झाली, खाली झाली,
आणि होती तिथंच राहिली.
"काय गेलं इथून तिथं?"
कोणी म्हणालं, नाडा.
नाडा तर माझ्याच मुठीत.
"हिची सकाळची भाकरी गेली," सर म्हणाले.
"काथ्या जागचा हलला नि जागेवर आला.
आता दुप्पट उंच झटक बघ,
भाकरी चौपट लागेल."

गाठीपाशी मात्र घोटाळा.
थोडं कुबड मागं वळून माझ्याकडंच आलं,
उरलेलं दोरीत शिरलं,
उंच होऊन, घाईघाईनं,
आणि तिकडं ईरव्वा किंचाळली, "अय्यो!"
सरांनी पुस्तकातलं वाक्य वाचलं:
माध्यम बदललं की तरंगाचा वेग बदलतो.
अख्खा वर्ग हसला.
वडगावात माध्यम म्हणजे
दोन दाखले, दोन घंटा, एक व्हरांडा.
सर हसले नाहीत.
फळ्यावर लिहिलं, वारंवारता बदलत नाही,
खाली दोन रेघा ओढल्या.
इथं सेकंदाला तीन हिसडे, तर तिथंही तीनच.

घरी चौदा माग.
आण्णा तीस वर्षं त्या खडखडाटात बसले.
मागाजवळची हवा काही उठून त्यांच्या कानाशी आली नाही,
ती तिथंच, सुताच्या कोंड्यात, मागंपुढं करत राहिली.
आला तो नुसता धक्का,
धोट्याचा, पट्ट्याचा,
हवेच्या हातून हवेच्या हाती,
दिवसाला दोन पाळ्या.
आधी चिमण्या गेल्या.
मग माझ्या नावातला स गेला,
सावंत्राची आवंत्रा झाले मी.
शेवटी मिलचा भोंगाही.
ऊर्जा काम करते, सर म्हणाले होते.
तिनं केलं.

आता आण्णा भिंतीला तळवा लावून बसतात,
जसं कुणी वासराच्या पोटाला लावावा.
"तीन नंबर अडखळतोय," म्हणतात,
आणि जाऊन बघावं तर तीन नंबरचा पट्टा खरंच सैल.
मी विचारलं, कळतं कसं?
त्यांनी माझा हात धरून भिंतीवर ठेवला.
चुना गार होता. त्याच्या आत
काहीतरी सारखं येत होतं,
आणि भिंत जागची हलत नव्हती.

बुधवारी दुपारी हेस्कॉमनं लाईन काढली.
गल्लीतले सगळे माग एका दमात थांबले.
मी सांगायला ओसरीवरून आत वळले, तर
आण्णांनी तळवा आधीच उचललेला,
डोळ्यांपुढं धरून बघत होते,
त्याला लागलेला चुना.
"गेली," म्हणाले. "चहा ठेव की."

मग कुठं गल्लीच्या टोकाहून
ईरव्वाची हाक आली, "करेंट होय्तु!"
तोवर मी आधण ठेवलं होतं.
भांड्यातल्या पाण्यावर
बारीक गोल उमटत होते,
माझ्याच पावलांचे.