दोन लांब, एक आखूड

आमच्या कारखान्याचा भोंगा: दोन लांब, एक आखूड.
शेजारच्याचा नुसताच एक, घसा बसलेल्या बैलासारखा.
ओल्यांवमधली तान्ही पोरंसुद्धा
दात येण्याआधी एवढं शिकतात
की कुठला भोंगा आपली आई नेतो.

सार्डिन कधी येणार ते सार्डिनलाही ठाऊक नसतं.
होडी लागली की भोंगा,
रात्रीचे अकरा असोत नाहीतर पहाटेचे तीन.
अॅप्रन अडकवायचा, पळायचं.
उशीर झाला की टेबलावरची जागा गेली,
जागा गेली की दिवस गेला.

म्हणून मी पुरती निजत नाही कधी.
एक कान उशीत, एक दारात.

डोळे मिटले तरी हात ऐकत नाहीत.
डोकं उडव, आतडं ओढ, डब्यात ठेव,
डोकं उडव, आतडं ओढ,
पांघरुणाखाली बोटं चालूच.
पापण्यांच्या आत मासे सरकत राहतात
चंदेरी, सगळे एकाच दिशेला,
मग एखादा मान वळवून विचारतो,
'देओलिंदा, घरभाडं दिलंस का?'
मला त्यात काही वावगं वाटत नाही.
म्हणते, शनिवारी देते.
मासा म्हणतो, 'शनिवार सगळे खारवून ठेवलेत.'
हे इतकं पटतं मला, इतकं पटतं,
की झेफेरीनूला हलवून सांगावं
आणि तेवढ्यात पायरी चुकते.

कुठली पायरी? मी तर पलंगावर आहे.
पण पाय झटकतो, गादी हादरते,
झेफेरीनू भिंतीकडे वळून पुटपुटतो,
'बाई, झोप गं.'

झोप लागते म्हणतात.
होडी लागते तशी?
हळूच, कडेकडेने, कुणीतरी दोर झेलून?
माझी तर धक्क्यावर आपटते
आणि पुन्हा मागे जाते.
आपटते, मागे जाते.
त्या मधल्या हातभर पाण्यात
माझी बावीस वर्षं गेली.

परवा त्या पाण्यातच ऐकला.
दोन लांब, एक
आखूड वाजला का?
की मीच लावला शेवटी,
मोडक्या कपाला कान चिकटवावा तसा?
विचार करायला वेळ कुणाला असतो.
उठले. अंधारात अॅप्रनची नाडी सापडली,
चपलेचा एकच पाय.
गल्लीत दगड ओले, पाऊस नव्हता,
समुद्रच वर येऊन बसला होता श्वास घेत.
चुन्याच्या भिंती जरा जास्तच पांढऱ्या.

कोपऱ्यावर फेलिस्मीना,
केस मोकळे, हातात कात्री.
मी विचारलं नाही, तूही ऐकलास का.
तिनेही नाही.
असल्या गोष्टी विचारल्या की विरतात.

फाटकाला कुलूप.
तिबुर्सियू कंदील उंच धरून म्हणाला,
'पाण्यावर एक दिवा नाही, बायांनो.
कोणी वाजवला?'
आम्ही एकमेकींकडे पाहिलं,
जणू दोघींपैकी एकीच्याच गळ्यातून तो निघाला असावा.
मग पायरीवर बसलो.
दगड गार होता, हे नक्की आठवतं.
तिच्या खांद्याला तेलाचा वास,
हेही आठवतं, पण तो वास तर माझ्या उशीलाही आहे.
खांदा वर-खाली होत होता,
एक होडी हळूच कुठेतरी लागत होती,
या खेपेला आपटली नाही.

सकाळी मी घरात होते. दोन्ही पायांत चपला.
झेफेरीनू म्हणाला, भोंगा झाला की केव्हाचा,
तू कधी नव्हे ती मेल्यासारखी निजलीस.

धावत पोचले. जागा होती.
कुणीतरी बादली ठेवून अडवली होती माझ्यासाठी.
समोर फेलिस्मीना, केस फडक्यात घट्ट.
मान वर न करता म्हणाली,
'काल केवढी घोरत होतीस.'
'कुठे?' मी विचारलं. 'फेलिस्मीना, कुठे घोरत होते?'

तिने डोकं उडवलं, आतडं ओढलं,
मासा डब्यात निजवला.
'शनिवारी सांगते,' म्हणाली.